मी चहा दिला

संघप्रियाचं नाव मला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं, कारण ते सारखं घ्यावं लागायचं. "संघप्रिया, केस जाळीत घाल." "संघप्रिया, बॅज कुठाय?" "संघप्रिया, हळू बोल, हा वॉर्ड आहे." ती दरवेळी "हो मॅडम, सॉरी मॅडम" म्हणायची, अगदी मनापासून म्हणायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा कुणाच्या तरी खाटेशी उभी राहून खळखळून हसत असायची.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. मुलं मला सुनयना मॅडम म्हणतात. वर्गापेक्षा माझा वेळ जास्त जातो तो वॉर्डात. पुस्तकात वाचलेलं जित्याजागत्या माणसावर कसं करायचं, हे मुलांच्या मागे उभं राहून दाखवणं माझं काम. इतकी वर्षं हे काम केल्यावर कोणता विद्यार्थी कुठे चुकणार याचा साधारण अंदाज येतो. घाबरट मुलांचे हात चुकतात. हुशार मुलं घाई करतात. संघप्रिया कुठे चुकेल ते मला सांगता आलं नसतं, कारण तिचा हात हलका होता आणि डोकंही तल्लख होतं.

ती ऐरोलीची. घरचे मूळचे माणगावकडचे. वडील शिवराम एका आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीत, आणि त्याच पार्कच्या समोर आई मुक्ताबाईची चहा-पोह्यांची गाडी. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलेली पोरंपोरी आधी मुक्ताबाईकडे थांबत, मग लॅपटॉपची बॅग सावरत आत जात. संघप्रिया शाळेत असल्यापासून त्या गाडीवर आईच्या हाताखाली उभी राहिलेली. कोणाला साखर कमी लागते, कोणाचं लग्न जमलंय, कोणाला कालच साहेबाने झापलंय, सगळं तिला ठाऊक. समोर माणूस आला की त्याच्या हातात काहीतरी गरम द्यायचं आणि दोन शब्द बोलायचे, हे तिच्या अंगातच मुरलं होतं.

वॉर्डात हे तिच्या फार उपयोगी पडलं, आणि तितकंच नडलंही.

एकदा तुर्भ्याच्या फळबाजारातला एक हमाल आमच्याकडे होता. पायावर गोणी-गाडा असं बरंच काही पडून पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडलेला, बायकोशीही बोलेना. मानसोपचारवाले येऊन गेले, मोठ्या सिस्टर येऊन गेल्या. संघप्रिया त्याची चादर बदलत होती. बदलता बदलता तिने विचारलं, "काका, कलिंगड गोड हाय का नाय ते वाजवून कळतं म्हणतात, ते खरं का? मी दरवेळी फसते." ती आपली बोलतच राहिली, की मी अशी वाजवते, तशी वाजवते, टकटक करते. शेवटी तो वैतागून वळला आणि म्हणाला, "अगं बये, दार हाय का ते?" मग त्याने स्वतःच्या चांगल्या गुडघ्यावर बोटं वाजवून तिला आवाजातला फरक दाखवला. त्याची बायको दाराशी उभी राहून डोळे पुसत होती.

त्याच दिवशी त्याच हमालाचं तापमान तक्त्यावर लिहायचं संघप्रिया साफ विसरली.

आपला डबा पेशंटच्या नातेवाइकाला देऊन टाकायची. स्वतःचा मोबाइल नंबर वाटायची. मी एकदा तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, पेशंट म्हणजे आपल्या घरी आलेला पाहुणा नव्हे."

"मग कोण, मॅडम?"

"आपली जबाबदारी."

"पाहुणा पण जबाबदारीच असतो ना, मॅडम?"

ती उलटून बोलत नव्हती. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. मी म्हटलं, "केस जाळीत घाल," आणि पुढे गेले.

दुसऱ्या वर्षी तिची काही आठवड्यांची पाळी पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात होती, तेव्हा सारसोळ्याचे आप्पा दाखल झाले. सारसोळे म्हणजे नेरूळच्या इमारतींच्या कुशीत उरलेलं जुनं कोळ्यांचं गाव. आप्पांनी उभी हयात खाडीत जाळी ओढण्यात घालवली होती आणि त्या ओढण्यानेच जांघेत हर्निया झाला होता. माणूस काटक, डोळे मिचमिचे, आणि आवाज असा की दोन होड्यांपलीकडे ऐकू जावा. संघप्रियाचा आणि त्यांचा आवाज असे दोन्ही एका वॉर्डात आल्यावर मी कपाळाला हात लावला.

दोघांचं लगेच जमलं. आप्पा तिला "ए चायवाली" म्हणायचे, कारण तिने पहिल्याच दिवशी आईच्या गाडीची सगळी हकीकत सांगून टाकली होती.

ऑपरेशनच्या दिवशी आप्पा रात्रीपासून उपाशी होते. पलंगाला पाटी लावली होती: तोंडाने काहीही देऊ नये. सकाळी लवकर नंबर लागणार होता, पण आधीचं एक ऑपरेशन लांबलं, मग एक तातडीचं आत गेलं, आणि आप्पा नुसतेच गाऊन घालून बसून राहिले. मुलगा सनी चहा प्यायला खाली गेला. वॉर्डात चहावाल्याची फेरी आली. आल्याचा वास सगळीकडे पसरला. आप्पांनी संघप्रियाला खुणेने बोलावलं.

"चायवाले, दोन घोट दे ना गो. तोंड पार सुकलाय माजा."

"आप्पा, ऑपरेशन आहे तुमचं."

"ते संध्याकाळशिवाय व्हयाचा नाय. आनी मी कोनाला सांगनार नाय. तुजी शप्पथ."

संघप्रियाला नियम माहीत होता. परीक्षेत तिने त्यावर उत्तर लिहिलं होतं, आणि ते मीच तपासलं होतं. पण आप्पांचे ओठ खरंच फुटले होते, आणि ते म्हाताऱ्या माणसाने मागावं तसं नाही, लहान पोराने मागावं तसं मागत होते. तिने पडदा ओढला. अर्धा कप चहा दिला आणि आप्पांनी हात पुढे केला म्हणून एक खारीही दिली. कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा फक्त तिची मैत्रीण ज्ञानेश्वरी तिथे होती, आणि तिने ते पाहिलं.

संध्याकाळ दूरच राहिली. थोड्याच वेळात ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं. एकदम धावपळ झाली. ट्रॉली आली. ड्युटीवरच्या सिस्टरने नेहमीचे प्रश्न विचारले: नाव, कोणती बाजू, दात खरे की बसवलेले. शेवटी विचारलं, "आप्पा, शेवटचं खाणंपिणं कधी?"

"रातच्याला," आप्पा म्हणाले आणि सिस्टरच्या खांद्यावरून त्यांनी संघप्रियाकडे बघून डोळा मारला.

संघप्रिया तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ट्रॉली वॉर्डाच्या दाराबाहेर गेली.

ज्ञानेश्वरी कोपरखैरण्याची, वर्गात पहिली येणारी, अतिशय सरळ मुलगी. तिने संघप्रियाचा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, "गप बस. थोडासाच होता ना? काही होत नाही. आता बोललीस तर तुला कॉलेजातून काढतील." मैत्रीण म्हणूनच ती बोलली. त्या वयात मैत्री म्हणजे एकमेकींना वाचवणं, एवढंच ठाऊक असतं.

मी दुसऱ्या टोकाला एका मुलाला जखम कशी बांधायची ते दाखवत होते. अचानक संघप्रिया माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "मॅडम, आप्पांना थांबवा. त्यांनी चहा घेतलाय. मीच दिला. आत्ता. खारी पण."

मी हातातलं काम तिच्या मागोमाग आलेल्या ज्ञानेश्वरीच्या हाती दिलं. माझ्या मनात काय काय आलं ते सांगत बसत नाही. तोंडून एवढंच निघालं, "हे मला सांगून उपयोग नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. आणि तूच सांगायचं. चल."

लिफ्ट वर गेली होती. आम्ही जिन्याने धावलो. थिएटरच्या दाराशी ट्रॉली उभी होती आणि भूलतज्ज्ञ बाई आप्पांचा हात धरून काही विचारत होत्या. मी मागे थांबले. संघप्रिया पुढे गेली. तिच्या त्या खणखणीत आवाजाचा जेमतेम एक धागा उरला होता.

"मॅडम, पेशंटने चहा घेतलाय. मी दिला. दुधाचा. अर्धा कप. आणि एक खारी."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कधी?"

तिने सांगितलं. आप्पा ट्रॉलीवर उठून बसले आणि ओरडले, "खोटा बोलते ती! मी काय नाय खाल्ला!"

बाईंनी आप्पांना हलकेच आडवं केलं, हातातला कागद बाजूला ठेवला आणि आतल्या माणसाला म्हणाल्या, "आज होणार नाही. खाली घेऊन जा." मग संघप्रियाला म्हणाल्या, "कमरेतली भूल पुरली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते. अशा वेळी पोटातलं उलटून छातीत गेलं की माणूस हातचा जातो. माहीत होतं ना?"

"हो."

"आता कधी विसरणार नाहीस." त्या आत गेल्या. रागावल्या नाहीत, कौतुकही केलं नाही.

रागवायला सर्जनसाहेब होते. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं की तुम्ही मुलांना शिकवता काय. मी ऐकून घेतलं. "ही मुलगी मला या वॉर्डात नको," असं म्हणून ते निघून गेले.

आणि सनी होता. तो जहाजांच्या कंपनीत कामाला, मोठ्या मुश्किलीने रजा टाकून आलेला. त्याला कोण सांगणार, असा प्रश्न आला तेव्हा वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, "मी सांगते, काहीतरी कारण देते." संघप्रिया म्हणाली, "नाही सिस्टर, मी सांगते."

आम्ही दोघी त्याच्यापुढे उभ्या राहिलो. तिने सांगितलं. सनीने ऐकलं आणि मग त्याचा बांध फुटला. "शिकायला आमची मानसं भेटतात तुमाला? फुकटची? आमी गावठानातले म्हनून काय पन करायचं?" आप्पा भिंतीकडे बघत होते. संघप्रियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती खाली बघत नव्हती. "त्यांनी मागितला म्हणून दिला", असं ती म्हणू शकली असती. ते खरंही होतं. ती तसं म्हणाली नाही.

सनी बापाला घरी घेऊन गेला. जाताना आप्पांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

कॉलेजात दुसऱ्या दिवशी घडल्या प्रकाराचा अहवाल लिहायचा होता. चूक घडली की कसं घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करावं, ते लिहून द्यायचं, अशी पद्धत आहे. संघप्रियाने लिहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं. अक्षर सुरेख. मी वाचलं: "रुग्णाने वारंवार मागणी केल्यामुळे रुग्णास चहा दिला गेला."

"कोणाकडून दिला गेला?" मी विचारलं.

"माझ्याकडून."

"मग तसं लिही."

तिने तो कागद नेला आणि पुन्हा आणला. "माझ्याकडून रुग्णास चहा दिला गेला." मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती गेली. बराच वेळ बाकावर बसून राहिली. मी खिडकीतून बघत होते. पेन हातात होतं आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मराठीत ही एक फार मोठी सोय आहे. काम होतं, पण ते करणारा वाक्यात कुठे सापडत नाही. औषध दिलं गेलं, काच फुटली, सांगायचं राहून गेलं. नोकरीत मी असे कागद रग्गड वाचलेत.

तिसऱ्यांदा तिने आणलं तेव्हा पहिलंच वाक्य होतं: "मी चहा दिला." पुढे लिहिलं होतं: "देऊ नये हे मला माहीत होतं. मला त्यांची दया आली. सिस्टरांनी विचारलं तेव्हा मी लगेच बोलले नाही."

शेवटचं वाक्य लिहायची तिला गरज नव्हती. ज्ञानेश्वरी आणि आप्पा सोडले तर ते कोणालाच माहीत नव्हतं. मी कागदावर सही केली.

प्राचार्यांनी घरच्यांना बोलावलं. मुक्ताबाई गाडी बंद करून आल्या. साडीला अजून आल्याचा वास होता. "जय भीम मॅडम," म्हणाल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या. सगळं ऐकून त्यांचा चेहरा तापला. "म्हंजे म्हाताऱ्या माणसाला घोटभर चहा पाजला, तर माझी पोरगी गुन्हेगार? आमी तर रोज पाजतो."

प्राचार्य काही बोलणार, तेवढ्यात संघप्रियाच म्हणाली, "आई, आपल्या गाडीवर येतो तो माणूस ऑपरेशनला नाय जात. तो मेला असता. माझ्यामुळं."

मुक्ताबाई लेकीकडे बघत राहिल्या. मग प्राचार्यांकडे वळून म्हणाल्या, "काय शिक्षा असंल ती द्या. पन शिकू द्या तिला." शिक्षा अशी ठरली की ही पाळी तिने सुट्टीत पुन्हा भरून काढायची आणि तोवर वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. त्याशिवाय सगळ्या वर्गापुढे उभं राहून भुलेआधी उपाशी का ठेवतात ते समजावून सांगायचं. ते तिने इतकं नीट सांगितलं की मागच्या बाकावरचे मोबाइल बघणारेसुद्धा ऐकत होते. ज्ञानेश्वरी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. तास संपल्यावर ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, मी असते तर नसतं सांगितलं." मी म्हटलं, "आता सांगशील." तिने मान हलवली.

पण संघप्रियाला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणाने. आप्पांना नवी तारीख दिली होती आणि सनी फोन उचलत नव्हता. "मॅडम, ते आलेच नाहीत तर? हर्निया अडकला तर?" शेवटी तिने विचारलं, "मी सारसोळ्याला जाऊ?"

"एकटी नाही," मी म्हटलं. "आणि रडायला नाही." वॉर्डच्या सिस्टरांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन आम्ही दोघी गेलो.

सारसोळ्यात मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एकदम वेगळी हवा लागते. दोन इमारतींच्या मधून गल्ली, गल्लीत ओट्यावर पसरलेली जाळी, वर दोरीला वाळत घातलेले बोंबील. आप्पा ओट्यावर बसून जाळं विणत होते. आम्हाला बघून त्यांनी मान फिरवली. आतून त्यांची बायको रखमाबाई आली. ठसठशीत बाई, डोक्यात अबोलीचा गजरा.

संघप्रियाने हात जोडले. "मावशी, मी ती नर्सिंगची मुलगी. आप्पांना चहा मी दिला होता. माझी चूक झाली."

रखमाबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग कमरेवर हात ठेवून ती वळली ती आप्पांकडे. "आनी तू मना काय सांगलास? मशीन बिघडली म्हनून!" आप्पांनी जाळ्यात तोंड खुपसलं. त्यांनी घरी चहाचं नावच काढलं नव्हतं. सनीलाही दटावून गप्प बसवलं होतं. पोरीचा राग होताच, पण त्याहून जास्त बायकोची भीती होती. रखमाबाईने त्यानंतर आप्पांची जी खरडपट्टी काढली ती मला इथे लिहिता येणार नाही. शेजारच्या ओट्यावरच्या बायका काम सोडून ऐकत होत्या.

वादळ जरा शमल्यावर संघप्रिया आप्पांच्या शेजारी खाली बसली. भूल म्हणजे काय, पोट रिकामं का लागतं, हर्निया अडकला तर काय होतं, हे तिने त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. आवाज हळू होता. मला तिला सांगावं लागलं नाही.

आप्पा जाळ्याची गाठ मारत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मंग दिलास कशाला?"

"तुमचं तोंड बघवलं नाय."

"आनी मंग सांगलास कशाला?"

"ट्रॉली गेली तरी तुमचं तोंडच दिसत होतं, आप्पा."

आप्पांनी गाठ दाताने ओढून घट्ट केली. आम्ही उठलो तशी रखमाबाई म्हणाली, "तारीख मना सांग. मी बगते हा कसा नाय येत."

तारखेला रखमाबाई त्यांना घेऊन आली. रिक्षातून उतरल्यापासून थिएटरच्या दारापर्यंत तिने आप्पांचा दंड सोडला नाही. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. सुट्टी सुरू झाली होती, त्यामुळे राहिलेली पाळी भरायला संघप्रिया वॉर्डात परत आली होती. सर्जनसाहेबांनी तिला पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले. मी ते होकार म्हणून घेतलं.

ऑपरेशननंतर आप्पांना पुन्हा तहान लागली. अजून काही द्यायची वेळ झाली नव्हती. त्यांनी तिला खुणेने बोलावलं. मी लांबून बघत होते.

"पानी," आप्पा म्हणाले.

"अजून नाय, आप्पा."

"घोटभर."

"डॉक्टरांनी सांगितलं की पहिला घोट मीच देईन. तोपर्यंत नाय." तिने स्वच्छ बोळा पाण्यात बुडवला, पिळला आणि त्यांच्या ओठांवरून हलकेच फिरवला. पुन्हा बुडवला, पुन्हा फिरवला. आप्पांनी शिव्या घातल्या. ती फिरवत राहिली. पडदा तिने उघडाच ठेवला होता. रखमाबाई पायाशी बसून बघत होती. ती म्हणाली, "घाल अजून शिव्या. तिला काय फरक पडत नाय." काही वेळाने आप्पांचा डोळा लागला. संघप्रियाने तक्त्यावर वेळ लिहिली, सही केली, आणि पुढच्या खाटेकडे गेली.

त्यानंतर तिचे केस जाळीतच राहिले असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या वर्षीही बॅज हरवला. हसणंही कमी झालं नाही. पण पुढच्या वर्षांत वॉर्डच्या सिस्टर तिच्याबद्दल एक गोष्ट सांगू लागल्या. संघप्रिया म्हणाली की इंजेक्शन दिलं, तर ते पुन्हा विचारावं लागत नाही. आणि दिलं नाही, तर तेही तीच येऊन सांगते. पास होऊन, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करून ती वाशीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागली. पेढे घेऊन आली तेव्हा मुक्ताबाई बरोबर होत्या. गाडीवर आता एक मदतनीस बाई ठेवलीय, हे त्यांनी मला फार अभिमानाने सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या सासऱ्यांना, नानांना, छातीत कफ भरून दाखल करावं लागलं. वॉर्डात गेले तर समोर संघप्रिया. मला हायसं वाटलं. इतकं, की संध्याकाळी भेटीची वेळ उलटून गेल्यावर मी बिनधास्त आत शिरू लागले. तिने दारात अडवलं.

"मॅडम, वेळ संपली."

"अगं, दोनच मिनिटं."

"नाय मॅडम. आत एका पेशंटची प्रोसिजर चालू आहे. तुम्ही बसा. मी मोकळी झाले की येते."

मी बाकावर जाऊन बसले. माझे यजमान शेजारी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागले. खरं सांगायचं तर मला जरा लागलं होतं.

थोड्या वेळाने ती खरोखरच बाहेर आली. मास्क खाली करून आमच्यासमोर उभी राहिली. "नाना ठीक आहेत. ताप उतरलाय. एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत असू द्या. दुपारी त्यांनी ऑक्सिजनचा मास्क काढून टाकला होता. मी तेव्हा दुसऱ्या पेशंटकडे होते, मला थोडं उशिरा कळलं. कळल्यावर लगेच लावला, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तपासलं. आता सगळं नीट आहे. पण त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवायला हवं होतं, आणि आता मी ठेवतेय."

आम्हाला हे कोणी सांगितलं नसतं तर कधी कळलंही नसतं. यजमान उठून उभे राहिले आणि "थँक्यू, सिस्टर," म्हणाले. तिने मान हलवली, मास्क वर केला आणि आत गेली. दार बंद होता होता आतून कुणाशी तरी बोलतानाचा तिचा आवाज ऐकू आला, आणि मग नानांचं हसू. आजारपण सुरू झाल्यापासून ते हसले नव्हते.

"कोण गं ही?" यजमानांनी विचारलं.

"आमच्या कॉलेजची," मी म्हटलं. "संघप्रिया."